शनिवारी पेटवलेला दिवा

एलिझर,

परवा तुझी शोकसभा झाली आणि तिच्यात चौघांनी तुला चार वेगवेगळ्या मुलखांतून दिग्रसला आणले. कापूस बाजारातले एक जुने व्यापारी म्हणाले, तू पारशी, तुझे पूर्वज इराणातून आले. निवृत्त पोस्टमास्तरांनी तुला गोव्याचा ख्रिस्ती ठरवले. तुझे नाव बायबलात असल्याचे त्यांच्या ऐकिवात होते. तिसऱ्या वक्त्याला तू अरबस्तानातला वाटलास. आणि महाविद्यालयातल्या एका तरुण प्राध्यापकाने, डोळ्यांत खरोखरीचे पाणी आणून, सांगितले की तुझ्या वडिलांनी तुला कडेवर घेऊन जर्मनीतल्या छळछावणीची तार ओलांडली होती, आणि असा छळ सोसलेला माणूस आपल्या गावच्या कापूस जिनिंगच्या कारखान्यात फिटर म्हणून राबला हे आपले भाग्य. सभागृहात हळहळ पसरली. मी उभा राहिलो. तू असतास तर मागून माझा सदरा ओढून म्हणाला असतास, "बस रे वकील, गेलेल्या माणसाचा खटला चालवू नये." पण तू नव्हतास, म्हणून मी चालवला.

मी सांगितले की तू अलिबागेजवळच्या सासवण्याचा. तुझे यहुदी पूर्वज त्या किनाऱ्यावर इतक्या पिढ्यांपूर्वी उतरले की केव्हा उतरले हे त्यांच्याच वंशजांना नीट सांगता येत नाही. तुझे आजोबा तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी बैल मोकळा सोडीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. तुझी प्रार्थना हिब्रूत होती आणि शिव्या मराठीत. जर्मनी तू पाहिलीस ती आमच्यासारखीच, पडद्यावर, आणि तोही पडदा मीच लावलेला होता. एवढे बोलून मी जिंकल्यासारखा खाली बसलो. मग दिवे मालवले गेले आणि 'एलिझरभाऊंची एक आठवण' म्हणून ती फिल्म लावण्यात आली.

तीन वर्षांपूर्वीची तीच फिल्म. आधी तू बाजार समितीच्या यार्डात, कापसाच्या गाड्यांमधून, पाठमोरा चालत जातोस. मग तुझ्या खोलीतला काचेचा दिवा येतो. मग पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीतून एक हात पुढे होतो, काडी ओढतो, वात पेटवतो आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तिच्याभोवती आडोसा धरतो. मागे तुझा आवाज. अंधारात कोणीतरी हुंदका दिला. अध्यक्ष म्हणाले, "पाहा, हेच ते हात. याच हातांनी आपल्या गावची सगळी यंत्रं चालती ठेवली."

चौघांना खोडून काढणारा मी त्या वेळी उठलो नाही. तो हात तुझा नव्हता. तो माझा होता.

हे लिहायला बसलो ते शोकसभेमुळे नव्हे. त्याच सकाळी तुझ्या लेकीचा, रिबकाचा, इस्राएलहून फोन आला होता. तुझ्या भाच्याने तुला उपचारांसाठी ठाण्याला नेले, तिथेच तू गेलास आणि तिथल्या तुमच्या दफनभूमीत तुला ठेवले. तिला पोहोचता आले नाही, मलाही नाही. ती म्हणाली, "काका, पप्पांची ती फिल्म मला पाठवा. माझ्या मुलांनी आजोबांना हलताना कधी पाहिलंच नाही. निदान त्यांचे हात तरी बघू देत." मी 'पाठवतो' म्हणालो. आता त्या फिल्मची तबकडी माझ्या टेबलावर आहे. दुसऱ्यांच्या साक्षी उलटवण्यात माझा जन्म गेला, एलिझर, आणि तुझ्या मुलीला तुझ्याबद्दल जी एकुलती एक चालतीबोलती साक्ष मिळणार आहे, ती मी बनवलेली खोटी साक्ष आहे.

आपली गाठ सिनेमाने घातली. मी गावात चित्रपट मंडळ काढले होते. महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर. तिसऱ्याच महिन्यात यंत्र अडले आणि कोणीतरी जिनिंगमधल्या फिटरला बोलावून आणले. तू खिशातून रुईचा बोळा काढलास, भिंग पुसलेस, पट्टा बसवलास आणि म्हणालास, "यंत्राला काही झालेलं नाही. माणसं ओढाताण करतात." त्यानंतरच्या प्रत्येक खेळाला तू प्रोजेक्टरमागे उभा. पहिली दोन वर्षे आपण एकमेकांना अहोजाहो करीत होतो. अरेतुरेवर आलो ते पहिल्या भांडणात.

मी छावण्यांवरचा एक विलायती चित्रपट आणला होता. आधी मी भाषण केले. मला भाषण करता येते, हा माझा जुना दोष आहे. पाना हातात घेऊन उभ्या असलेल्या तुला मी पडद्यासमोर ओढून आणले आणि म्हणालो, "ज्यांनी हे भोगले त्या समाजाचे प्रतिनिधी आज आपल्यात आहेत." चित्रपट संपला तेव्हा माणसे पडद्याकडे नव्हे, तुझ्याकडे पाहत होती. एका शिक्षिकेने तुझ्या पायांना हात लावला. तू सगळ्यांना नमस्कार केलास, रीळ गुंडाळून डब्यात ठेवलेस आणि हॉल रिकामा झाल्यावर माझ्याकडे वळलास.

"वकील, तू मला साक्षीदार केलंस."

"अहो, मी तर तुमचा मान..."

"कसला मान? मी तिथे नव्हतो. माझा बाप तेव्हा कर्जतला इंजिनाखाली झोपून बोल्ट आवळत होता. जे गेले ते माझेच आहेत, त्यांच्यासाठी जे म्हणायचं ते मी घरी म्हणेन. पण त्यांचं मरण माझ्या अंगावर चढवून मला गावात मिरवू नकोस."

मी तुला कृतघ्न म्हटले. तू मला बँडवाला म्हटलेस. पाऊण तास आपण भांडलो. दाराशी सुभद्राबाई चपला शोधीत उभी होती. तुझ्याच जिनिंगमध्ये रुईची टोपली वाहणारी. तिच्या आईबापांनी नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली होती, आणि कोणाच्याही भांडणात बोलायला ती भीत नसे. म्हणाली, "एलजरभाऊ, तुमचे लोकं बी पिच्चरमंधी मारच खाते काय? आमचे बी तसंच हाय. देवळाच्या पायरीवर, नाही तं पाटलाच्या आंगनात. एकडाव तरी आमाले पोटभर जेवतानी दाखवा म्हना."

तू इतका हसलास की प्रोजेक्टरला टेकून उभा राहिलास. "बघ वकील. बाईला एका दमात कळलं. तुझा पाऊण तास फुकट गेला."

पुढची वीस वर्षे तू तोच मुद्दा मांडीत राहिलास आणि मी तोच नाकारीत राहिलो. हिंदी पडद्यावरचा तुमचा माणूस पाहून तू कपाळाला हात लावायचास: लांब झगा, चिकटवलेले नाक, तराजूमागचे ते कुत्सित हसणे, आणि मुलगी मात्र देखणी, कारण शेवटी तिला परधर्मी नायकाने न्यायचे असते. "असं नाक आमच्या सासवण्यात एकाचंच होतं," तू म्हणायचास, "आणि तो भंडारी होता." विलायती पडद्यावर तुमचे लोक रांगेत चालतात, बोचकी घेऊन, पाठमोरे. "आणि वकील, एक गोष्ट बघून ठेव. प्रार्थना करतो ती नेहमी कॅमेरा तयार झाल्यावर. देवाच्या वेळेला नाही." मी विचारायचो, मग तुला हवे तरी काय? तू सांगायचास: माझी मरियम शनिवारचं जेवण शुक्रवारीच रांधून ठेवते, रिबका अभ्यासाला बसत नाही म्हणून धपाटा खाते, नवस फिटला की पोहे भिजवून, त्यात खोबरं आणि साखर घालून आम्ही मलिदा करतो आणि त्यासोबतची फळं वाटताना मोठं केळं कोणाला यावरून भांडतो. हे कुठे आहे?

"त्यात संघर्ष नाही," मी म्हणायचो. "संघर्षाशिवाय चित्रपट होत नाही."

"आहे की. केळ्यावरून."

मरियमवहिनी गेल्या. तुमचा विसाव्याचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळताच सुरू होतो, आणि त्याआधी शुक्रवारचा दिवा लावणे हे तुमच्यात घरच्या बाईचे काम. त्यांच्यामागे तो तू लावू लागलास. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, मध्ये तरंगती वात. पेला वहिनींनी माहेरून आणलेला. रिबकाचे लग्न होऊन ती इस्राएलला गेली आणि दिग्रसमध्ये तुमच्यातला तू एकटा उरलास. तरी हंगामाच्या ऐन गर्दीतही शनिवारी तू जिनिंगच्या फाटकात पाऊल टाकले नाहीस. रविवारी एकटा जायचास आणि सगळी यंत्रे पुसून, तेल घालून ठेवायचास. मालक चडफडायचा, पण तुझ्यासारखा फिटर त्याला दुसरा मिळणार नव्हता.

रिबका गेल्याच्या दुसऱ्या वर्षी रोलरमध्ये रुई अडकली आणि ती काढताना तुझ्या उजव्या हाताची तर्जनी आत गेली. मधल्या पेरापासून वर काही उरले नाही. सुभद्राबाईने पदर फाडून बांधला. दवाखान्यात शुद्धीवर येताच तू म्हणालास, "रिबकाला कळवायचं नाही."

"काहून?" सुभद्राबाईने विचारले.

"ती परत येईल," तू म्हणालास. तुला हे संकट वाटत होते.

त्यानंतर तू तिला पाठवलेल्या प्रत्येक फोटोत तुझा उजवा हात खिशात आहे. तिच्या मुलांच्या जन्माला तू गेला नाहीस. ती बोलवायची, तू 'बघू' म्हणायचास. मला ठाऊक आहे तू का गेला नाहीस. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली, तुमची पवित्र वचने पोटात सांभाळणारी ती मेझुझाची नळी, तिला तू येताजाता बोट लावून ते ओठांना टेकवायचास. लेकीच्या दारातही तुला तेच करावे लागले असते, आणि तिने पाहिले असते.

मग ती वर्षे आली. कापूस पिकत होता आणि माणसे संपत होती. एकेक जिनिंग बंद पडत गेली, तुझीही पडली. आर्णीपासून पांढरकवड्यापर्यंत कॅमेऱ्यांच्या गाड्या फिरू लागल्या. गावोगावच्या बायांना न सांगता कळू लागले की कॅमेरा आला की हार घातलेल्या तसबिरीशेजारी बसायचे आणि दाराकडे पाहत राहायचे. तू माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, "वकील, आता तुमची पाळी. पुढची पन्नास वर्षं यवतमाळचा माणूस पडद्यावर फक्त मरताना दिसेल. आमचं आधीच झालंय."

"जगाला कळायला नको?"

"कळू दे की. पण हसत कशी होती ही माणसं, हे कोण विचारणार?"

"हसण्याला पुरावा लागत नाही," मी म्हणालो. "मरणाला लागतो." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते. तू उठून गेलास. तो वाद तिथेच राहिला, आणि आता मी तो एकटा कसा पुरा करू?

बंद पडलेल्या जिनिंगवर फिल्म करायला पुण्याहून एक तरुण दिग्दर्शिका आली आणि माझ्याकडे उतरली. तू माझा शोध असल्यासारखे मी तिला तुझ्याबद्दल सांगितले. गुरुवारी तिने तुझे यार्डातले चालणे टिपले आणि तुझा आवाज नोंदवला. शुक्रवारी संध्याकाळी तू आम्हा सर्वांना खोलीवर बोलावलेस. सुभद्राबाईलाही. पोहे भिजवून ठेवले होतेस, खोबरे किसले होतेस, वेलची कुटली होतीस. केळी, सफरचंद, खजूर ताटात मांडले होतेस. सूर्य कलला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुपारपासून भारनियमन, भरून घ्यायला वीज नव्हती. त्या मुलीने विचारले, "काका, तासभर थांबता येईल?"

"मला येईल," तू म्हणालास. "सूर्याला विचारून बघ."

आणि तू दिवा लावलास. त्या आखूड बोटाचा आडोसा ज्योतीला पुरेना, म्हणून डावा हातही पुढे केलास. आम्ही तिघांनी पाहिले. कॅमेऱ्याने पाहिले नाही. मग मलिदा वाटलास आणि ताटातल्या मोठ्या केळ्यावरून खरोखरच भांडण झाले. सुभद्राबाई म्हणाली, "वकीलसायेब घरून खाऊन येते, त्यायले कायले मोठं?" मी वयाचा मुद्दा काढला. तू न्यायाधीश झालास. खोलीत इतके हसू मी वहिनींच्या हयातीनंतर ऐकले नव्हते. तुला आयुष्यभर जो सिनेमा हवा होता तो तुझ्या खोलीत चालू होता, एलिझर, आणि कॅमेरा पिशवीत मरून पडला होता.

शनिवारी सकाळी वीज आली. बॅटरी भरली. पुण्याच्या पाहुणीला दुपारी निघायचे होते. मुलीने चाचरत विचारले, कालचे पुन्हा एकदा करता येईल का? तू म्हणालास, "आज नाही. आज विस्तवाला हात लावत नाही." ती 'ठीक आहे' म्हणून कॅमेरा आवरू लागली. हे मी नोंदवून ठेवतो, कारण उद्या कोणी तिला दोष देईल, आणि तो खोटा असेल. तिला थांबवले ते मी.

"एका काडीने तुझा धर्म बुडतो का रे?"

"धर्म नाही बुडत. शनिवार बुडतो."

"अरे, किती लोक बघतील!"

"हो ना. ज्या प्रार्थनेला माझी बायको सूर्याकडे बघत बसायची, ती मी भर दुपारी खिडक्या लावून करताना बघतील. तेच, वकील. कॅमेरा तयार झाला, म्हणून."

तेव्हा मी ते बोललो. म्हणालो, "दिग्रसमध्ये तुझी माणसं आहेतच कुठे? कोणाला कळणार आहे?"

तू माझ्याकडे पाहिलेस. चपला घातल्यास आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलास. मी खुंटीवरचा तुझा पांढरा सदरा अंगात घातला, खिडक्या लावून संध्याकाळ केली, पेल्यात तेल ओतले. त्या मुलीने विचारले, "त्यांना चालेल ना?" मी म्हणालो, "मी त्यांचा वकील आहे."

तू दारात येऊन उभा राहिलास तेव्हा मुलगी सामान गाडीत ठेवायला गेली होती आणि दिवा जळत होता. विझवणेही तुला त्या दिवशी मना होते. मी हात पुढे केला तर तू मानेनेच नको म्हणालास. "झालं?" तू विचारलेस. मी म्हणालो, "झालं." "सदरा खुंटीला लाव." एवढेच. मी गेलो. तू त्या दिव्यासमोर, जो तू लावला नव्हतास आणि विझवू शकत नव्हतास, सगळी दुपार बसला असशील.

त्यानंतर तीन वर्षे तू माझ्या ओट्यावर येत राहिलास, माझ्या प्रत्येक मताला विरोध करीत राहिलास, आणि या एका गोष्टीवर एक शब्द बोलला नाहीस. मला वाटले तू विसरलास. तबकडी आली तेव्हा मी तुला माझ्या घरी दाखवली. यार्ड संपून दिवा आला, तसा तू पाणी प्यायला उठलास.

परवा सभा सुटल्यावर सुभद्राबाई माझ्यापाशी आली. "वकीलसायेब, ते बोट कोनाचं व्हय?"

साठ-सत्तर माणसे होती त्या सभागृहात. त्यातल्या अर्ध्यांनी तुझा तो हात हातात घेतलेला. पडद्यावर पाच अख्खी बोटे आली आणि कोणाला काही खटकले नाही. मी म्हणालो, "बाई, पडद्यावर तसं दिसतं."

"असं कसं दिसंन? त्या बोटाले म्या पदर फाडून बांधलाय." आणि ती गेली. मला खोडून काढण्याची गरजही तिला वाटली नाही.

घरी आलो आणि माझ्यातला वकील माझ्याच बाजूने उभा राहिला. म्हणाला, रिबकाने अख्खा हात पाहावा हीच एलिझरची इच्छा होती. जे फोटोत त्याने खिशात लपवले ते तू पडद्यावर भरून काढलेस. तो गप्प राहिला तो म्हणूनच. युक्तिवाद देखणा आहे. पण तो मीच रचलेला असल्याने त्यातली खोट मला दिसते: अशिलाला विचारलेले नाही. त्या दुपारीही नव्हते विचारले. तू क्षमा केली होतीस, की माझ्याशी बोलण्यासारखे काही उरले नाही असे ठरवले होतेस, हे आता कोण सांगणार? ज्याला विचारायचे त्याला मी तीन वर्षे रोज चहा पाजला आणि विचारले नाही.

काल दुपारी मी रिबकाला फोन लावला. सांगितले, "त्या फिल्ममधला हात तुझ्या वडिलांचा नाही. माझा आहे. आणि दिवा शुक्रवारचा नाही, शनिवारचा आहे. त्याआधीचं यार्डातलं चालणं तेवढं त्याचं."

मागे तिची मुले कसल्यातरी खेळण्यावरून भांडत होती. तिने विचारले, "पप्पांनी का नाही लावला?"

"तयार झाला नाही."

"बरं केलं," ती म्हणाली.

मग मी बोटाचे सांगितले. तू नको म्हणाला होतास तेही सांगितले. तिने मागे भांडणाऱ्या मुलांना बाहेर पाठवले. मग म्हणाली, "कोणतं?"

"उजव्या हाताचं. अंगठ्याशेजारचं."

"म्हणजे मेझुझाला लावायचं ते." आणि लगेच, "मग कशाने लावत होते, काका?"

"त्याच बोटाने. जेवढं उरलं होतं तेवढ्याने."

तिने मला दूषण दिले नाही. दिले असते तर मी काही उत्तर दिले असते. मला येते ते. तिने विचारले, "दिव्याच्या आधी ते चालताना दिसतात म्हणालात. किती वेळ?"

"अकरा पावलं." ती मी मोजली आहेत.

"तोंड दिसतं?"

"नाही. पाठमोरा आहे. उजवा हात खिशात."

"तेवढंच पाठवा. पुढचं कापून टाका."

आज सकाळी ते कापून घेतले. तुझी फिल्म आता अकरा पावलांची आहे. रांगेत नाहीस, बोचके नाही, मरत नाहीस. पण पाठमोरा आहेस आणि दूर जातो आहेस. माझ्याच्याने एवढेच वाचले.

तिथून मी सुभद्राबाईच्या घरी गेलो आणि बोट कोणाचे ते सांगितले. तिने भाकरी थापता थापता ऐकले. "मले वाटलंच होतं. काडी ओढाची अक्कल नाही त्या हाताले." मग म्हणाली, "त्या शुक्करवारी कसे हासले होते ना एलजरभाऊ. आन् शेवटी मोठं केळं मलेच देल्लं."

मला आठवते ते निराळे आहे. तू ते केळे मोडून चौघांत वाटले होतेस, आणि सगळ्यात लहान तुकडा स्वतःला ठेवला होतास. याला पुरावा नाही. तो शुक्रवार आता दिग्रसमध्ये तिच्याजवळ आणि माझ्याजवळ आहे, आणि आम्ही दोघेही पिकलेली माणसे आहोत. ती वाट पाहत होती की मी नेहमीसारखा उसळून उठेन.

मी तिला खोडून काढले नाही.